मालकी रानातील साग विकताना कोणती झाडे उभी राखावीत आणि त्याचा हिशेब कसा मांडावा

ठाणे, कल्याण, डोंबिवली किंवा नवी मुंबईत राहणाऱ्या अनेक कुटुंबांची शहापूर, मुरबाड किंवा भिवंडी तालुक्यात वडिलोपार्जित वरकस (डोंगरउताराची हलकी) जमीन असते, आणि तिच्यावर आजोबा-पणजोबांच्या काळापासून वाढलेला साग, ऐन, मोह, सावर असा मिश्र झाडोरा उभा असतो. घरात लग्न, आजारपण किंवा घरदुरुस्तीचा मोठा खर्च निघाला की मालकी प्रकरण, म्हणजे स्वतःच्या जमिनीवरील झाडे तोडून विकण्याच्या परवानगीचे प्रकरण, करून हा साग विकण्याचा विचार सुरू होतो. ठेकेदार येतो, रानातून एक फेरी मारतो आणि सगळ्या रानाचा उक्ता आकडा सांगतो. त्या आकड्यात कोणते झाड किती रुपयांचे आहे, हे मालकाला कळत नाही. त्यामुळे एकदा सौदा ठरला की ढोलीचे झाड, वठलेला ऐन, वाकडा जुना साग हे सगळे तोडीत जाते, आणि ही झाडे तोडून मालकाच्या हाती जवळजवळ काहीच जास्तीचे पडलेले नसते.

हा लेख त्या मालकांसाठी आहे. ज्या झाडांचा पक्षी-प्राण्यांना आणि रानाच्या पुढील वाढीला सर्वांत अधिक उपयोग असतो, त्यांतील बहुतेक झाडे लाकूड म्हणून सर्वांत कमी किमतीची असतात. म्हणून एकरी चार-पाच झाडे राखण्याचा खर्च अगदी थोडा येऊ शकतो. मात्र ही निवड मालकाने स्वतः, सौद्याच्या आधी आणि झाडागणिक हिशेब करूनच केली पाहिजे. सौद्यानंतर तीच झाडे राखायची म्हटली तर ती कितीतरी महाग पडतात.

आधी कागद

सातबारा, फेरफार आणि मोजणीचा नकाशा समोर ठेवल्याशिवाय झाडांची चर्चा करू नये. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत खासगी वनाची नोंद आहे का, हे सर्वप्रथम पाहावे, कारण महाराष्ट्र खासगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ याची छाया ठाणे जिल्ह्यातील पुष्कळ जमिनींवर आहे आणि अशा जमिनीवरील तोडीचा मार्ग अगदी वेगळा असतो. खातेदार अनुसूचित जमातीचे असतील तर त्यांच्या झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यानुसार खासगी ठेकेदाराशी परस्पर सौदा करता येत नाही आणि विक्री वन विभागामार्फत होते. इतर खातेदारांना महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ खाली परवानगी घ्यावी लागते. या कायद्याच्या अनुसूचीत साग, ऐन, मोह, खैर, बिजा, हळदू, तिवस, किंजळ, जांभूळ, आंबा, फणस, चिंच, हिरडा अशी आपल्या रानातील बहुतेक मोलाची झाडे आहेत.

दोन गोष्टी येथे मुद्दाम लक्षात ठेवाव्यात. वठलेल्या, रोगट किंवा वादळाने पडलेल्या झाडांच्या बाबतीत परवानगी सहजी मिळते, त्यामुळे ठेकेदार आपल्या यादीत अशी झाडे आपोआप घालतो. मालकाने सांगितले नाही तर ती वगळली जात नाहीत. दुसरी गोष्ट अशी की, कायद्याच्या दृष्टीने झाडाला इजा करणे हेही तोडण्यातच मोडते. त्यामुळे अनुसूचीतील झाडाच्या सालीला वळे पाडून ते उभ्या-उभ्या वाळवायचे असेल, तर त्यालाही परवानगीचीच गरज आहे. ब्रह्मदेशात साग तोडण्याआधी दोन-तीन वर्षे अशी वळी पाडून ठेवत, कारण ओला साग पाण्यावर तरंगत नाही आणि तेथील सगळी वाहतूक नदीतून होई. आपल्याकडे ते कारण नाही आणि आपल्या रानात आधीच पुरेशी वठलेली झाडे असतात. ती राखणे हेच सोपे आणि कायद्याला धरून आहे.

नदी-नाल्याच्या काठच्या आणि तीव्र उताराच्या झाडांवर असलेले निर्बंध परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून लेखी विचारून घ्यावेत. जी झाडे नियमानेच उभी राहणार आहेत, त्यांची किंमत आपल्या राखणीच्या खर्चात धरू नये. ती आपण राखली असे नसून ती आपल्याला विकताच येत नव्हती.

गणती: ठेकेदार येण्यापूर्वीची फेरी

रानाची गणती दिवाळीनंतर, गवत बसल्यावर आणि पानगळ सुरू होताना करावी. शेंडा, ढोल्या आणि फांद्या त्या वेळी स्पष्ट दिसतात. बरोबर शिवणकामाची साधी टेप, वही, पिवळा ऑइल पेंट आणि रान ओळखणारे गावातील एखादे वडीलधारे माणूस असावे. हे माणूस सर्वांत महत्त्वाचे आहे. कोणत्या ऐनाच्या ढोलीत दरवर्षी सातेरीचे मोहोळ बसते, कोणत्या सावरीवर पोपट घरटे करतात आणि कोणत्या मोहाला फूल अधिक येते, हे त्याच्याइतके कोणालाही ठाऊक नसते, आणि वहीतील शेरा त्याच्याच सांगण्यावरून भरावा लागतो.

प्रत्येक झाडाचा छातीच्या उंचीवरचा घेर, सरळ खोडाची अंदाजे लांबी आणि एक शेरा लिहावा. शेऱ्यासाठी खोड ठोकून पाहावे. कोयत्याच्या किंवा कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने बुंध्यावर, मग कमरेवर, मग हात पोचेल तितक्या उंचीवर ठोकले असता भरीव लाकडाचा आवाज बसका, आखूड येतो आणि पोकळ खोडाचा घुमतो. जुन्या सागात हा घुमणारा आवाज अनेकदा बुंध्यापासून पुरुषभर उंचीपर्यंत मिळतो, कारण वणव्याने बुंध्याला झालेल्या जुन्या जखमेतून कुज आत शिरलेली असते. सालीला उभी चीर, तिच्या कडांना फुगवटा, मुळाशी पडलेला तांबूस भुसा, फांदी मोडलेल्या जागी काळे भोक, ही सगळी त्याच कुजीची लक्षणे आहेत. असे झाड बाहेरून दीड मीटर घेराचे भरभक्कम दिसते, परंतु वखारीत त्याच्या सर्वांत जाड भागाला गिऱ्हाईक नसते.

झाडागणिक हिशेब

वखारीत आणि वन विभागाच्या डेपोत गोल लाकूड मोजताना ओंडक्याच्या मधोमध घेर घेतात, त्याचा चौथा भाग काढतात, त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. या पद्धतीने येणारे माप खऱ्या घनफळाच्या सुमारे ७८.५ टक्के असते, आणि साल व कापणीतील घट त्यात धरलेली आहे असे मानले जाते. एक घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट.

आता दोन झाडे घेऊ. दर मी केवळ हिशेब समजावा म्हणून धरले आहेत. आपल्या भागातील चालू दर दोन-तीन वखारींत स्वतः जाऊन विचारावेत. समजा ९० सेंटिमीटरपर्यंतच्या घेराला घनफुटाला १,२०० रुपये, ९१ ते १२० च्या घेराला १,६०० रुपये असा दर आहे, आणि तोड, खांडणी, रस्त्यापर्यंत ओढणे, भरणी व वाहतूक यांचा खर्च घनफुटाला २५० रुपये आहे.

पहिले झाड सरळ, भरीव साग. मधला घेर १२० सेंटिमीटर, लांबी ५ मीटर. घेराचा चौथा भाग ०.३० मीटर, त्याचा वर्ग ०.०९, गुणिले ५ म्हणजे ०.४५ घनमीटर, अर्थात सुमारे १५.९ घनफूट. खर्च वजा जाता घनफुटाला १,३५० रुपये धरले तर हे झाड मालकाला सुमारे २१,५०० रुपये देते.

दुसरे झाड त्याच जाडीचे, परंतु बुंध्याकडून साडेतीन मीटर पोकळ. वर दीड मीटरचा एकच तुकडा कामाचा निघतो, त्याचा मधला घेर १०५ सेंटिमीटर, आणि त्यात गाठी. माप येते साधारण ३.६५ घनफूट. गाठींमुळे दर ८०० रुपये मिळाला तर तुकड्याचे २,९०० रुपये होतात. खर्च मात्र तुकड्याच्या मापात कमी होत नाही, कारण पूर्ण झाड पाडावेच लागते, त्याचा पसारा आवरावा लागतो. तो १,८०० रुपये धरला तर हाती अकराशे उरतात, आणि जळाऊ लाकडाचे चार-पाचशे मिळवून सोळाशे. म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या सारख्याच जाडीच्या दोन सागांच्या किमतीत तेरा पटींहून अधिक अंतर आहे. ठेकेदाराला हे पहिल्या फेरीतच कळते, मालकाला कळत नाही, आणि सौद्यातील मालकाची दुबळी बाजू तीच आहे.

सावर, पांगारा, मोई, काकड यांचे लाकूड मऊ असते. खोक्यांपलीकडे त्याला विशेष मागणी नसल्यामुळे वाहतूक वजा जाता झाडामागे चार-पाचशे रुपयेही कठीण असतात. सुतार पक्षी आणि तांबट मात्र याच मऊ आणि वठलेल्या लाकडात सहज भोक पाडतात, आणि त्यांनी सोडलेल्या ढोलीत पुढे पोपट, साळुंकी, पिंगळे राहतात. उभा वाळलेला ऐन जळाऊ म्हणून सहा-सातशे रुपये देईल. मोह कोणतेही शहाणे घर विकत नाही, कारण त्याची फुले आणि टोळंबी (तेलबिया) दरवर्षी उत्पन्न देतात. तरीही तो राखीव यादीत स्पष्ट लिहावा, अन्यथा उक्त्या सौद्यात तोही जातो.

पंधरा झाडांची किंमत

तीन एकरांच्या रानाचे उदाहरण घेऊ. समजा विकण्याजोगे १२० साग आहेत आणि खर्च वजा जाता एका सागाचे सरासरी ९,००० रुपये येतात. म्हणजे सगळ्या सागाचे १०,८०,००० रुपये. आपण एकरी पाच, अशी पंधरा झाडे राखायची ठरवली. त्यांत पाच ढोलीचे किंवा वाकडे साग प्रत्येकी १,६०० प्रमाणे ८,००० रुपयांचे, तीन उभी वाळलेली झाडे प्रत्येकी ७०० प्रमाणे २,१०० रुपयांची, चार सावर-पांगारे प्रत्येकी ५०० प्रमाणे २,००० रुपयांचे, दोन मोह, जे आपण विकणारच नव्हतो, आणि एक उत्तम, सरळ, भरपूर फळणारा साग २१,५०० रुपयांचा. एकूण त्याग ३३,६०० रुपयांचा झाला, म्हणजे सागाच्या रकमेच्या सुमारे ३.१ टक्के. तो एक उत्तम साग वगळला तर १२,१०० रुपये, म्हणजे १.१ टक्का.

याच पंधरा झाडांची निवड डोळे मिटून, सरासरी सागांतून केली असती तर खर्च १,३५,००० रुपये, म्हणजे साडेबारा टक्के झाला असता. झाडे राखणे परवडत नाही असे जे अनेकदा ऐकू येते, ते या दुसऱ्या प्रकारच्या हिशेबातून आलेले असते. खर्च किती येणार हे झाडांच्या संख्येपेक्षा निवडीवर अवलंबून असते.

यात आणखी एक खर्च मिळवणे प्रामाणिकपणाचे आहे. साग हे उन्हाचे झाड आहे, आणि तोडलेल्या खुंटांतून येणारे खोडव्याचे फुटवे राखलेल्या झाडाच्या सावलीत मंद वाढतात. बारा जिवंत झाडांचा घेरा प्रत्येकी आठ मीटर व्यासाचा धरला तर सुमारे ६०० चौरस मीटर जमीन झाकली जाते, आणि ती तीन एकरांच्या पाच टक्के आहे. तेवढ्या भागातील वाढ निम्मी घटली असे मानले, तर पुढच्या तोडीत अडीच टक्के, म्हणजे आजच्या भावाने सुमारे २७,००० रुपये कमी मिळतील. परंतु ती तोड तीस वर्षांनी होणार आहे. सात टक्के व्याजाने आजचा एक रुपया तीस वर्षांत सुमारे साडेसात रुपये होतो. म्हणून त्या घटीचे आजचे मोल साधारण ३,५०० रुपये ठरते. हा आकडा वरच्या बेरजेत अवश्य घालावा. त्याने निर्णय बदलत नाही.

वाढीसाठी थांबायचे झाड वेगळे ओळखावे

सगळीच राखलेली झाडे त्यागाची नसतात. काही झाडे केवळ थांबल्यामुळे पैसा देतात, आणि त्यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. डेपोत दर घेराच्या गटाप्रमाणे बदलतो. ज्या सागाचा मधला घेर ८४ सेंटिमीटर आहे आणि जो पाच वर्षांत ९२ वर जाईल, त्याचे माप सुमारे २० टक्के वाढते, आणि त्याच वेळी त्याचा निव्वळ दरही ९५० वरून १,३५० वर उडी घेतो. दोन्ही मिळून किंमत १.७ पट होते, म्हणजे वर्षाला सुमारे ११ टक्के. तेच झाड आज ९५ चे असेल आणि १०३ चे होणार असेल, तर गट बदलत नाही, केवळ माप वाढते, आणि वाढ वर्षाला ३.३ टक्क्यांवर थांबते. पहिले झाड राखणे बँकेतील मुदत ठेवीपेक्षा लाभाचे आहे. दुसरे झाड विकून पैसे ठेवीत टाकलेले बरे.

येथे सावधगिरी हवी. पाच वर्षांनी चार-सहा झाडांसाठी पुन्हा मालकी प्रकरण, मोजणी, परवानगी आणि वाहतूक पास करावे लागणार असेल, तर तो खर्च आणि तो त्रास त्या थोड्या झाडांवर पडून सगळा नफा खाऊन टाकतो. म्हणून गटाच्या उंबरठ्यावरची झाडे पंचवीस-तीस तरी असतील, तरच त्यांच्यासाठी वेगळी तोड योजावी. नसतील तर तो विचार सोडून द्यावा.

किती आणि कोठे

स्वीडनमधील एफएससी या वन-प्रमाणपत्राच्या मानकांत तोडीच्या वेळी हेक्टरी किमान दहा झाडे कायमची राखण्याची आणि त्याशिवाय काही उंच खुंट ठेवण्याची अट आहे. अमेरिकेच्या वायव्य भागातील सरकारी वनांसाठी १९९४ मध्ये आलेल्या योजनेने प्रत्येक तोडीच्या पट्ट्यात किमान १५ टक्के झाडोरा राखण्याची अट घातली. या पद्धतीमागची निरीक्षणे भक्कम आहेत. उत्तर युरोपातील वनांतील सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा प्रजाती कोणत्या ना कोणत्या प्रकारे मेलेल्या लाकडावर अवलंबून असतात. परंतु ती वने शीत प्रदेशाची आहेत, तेथे लाकूड मंद कुजते आणि तोड यंत्राने होते. आपल्याकडे वाळवी, पावसाळा आणि जळणाची गरज या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, म्हणून त्यांचे आकडे जसेच्या तसे उचलण्यात अर्थ नाही. हेक्टरी दहा म्हणजे एकरी चार. माझ्या मते आपल्या मिश्र सागाच्या रानासाठी एकरी चार ते सहा हा पेलवणारा आकडा आहे, आणि त्यात वठलेले किमान एक असावे.

सगळी झाडे एकसारखी विखरून ठेवण्यापेक्षा निम्मी तरी एका-दोन पुंजक्यांत ठेवावीत. नाल्याचे वळण, खडकाळ टेकाड, मोठे वारूळ, देवाचे म्हणून मानलेले झाड, अशा जागा पुंजक्यासाठी उत्तम, कारण तेथे ओंडके ओढणे तसेही अवघड आणि महाग असते, शिवाय एकटे पडलेले उंच झाड वाऱ्याला लवकर बळी पडते. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळाने कोकणपट्टीत किती झाडे आडवी केली, ते सर्वांना आठवत असेल. उरलेली निम्मी झाडे, विशेषतः फळणारा साग आणि ढोलीची झाडे, जेथे आहेत तेथेच राहतील.

ढोलीच्या झाडाला प्राधान्य का, हे ठाणे जिल्ह्याच्या संदर्भात नेमके सांगता येते. १८८४ नंतर ११३ वर्षे कोणालाही न दिसलेला रानपिंगळा, म्हणजे छोट्या घुबडाची एक जात, १९९७ मध्ये सातपुड्यात शहाद्याजवळ पुन्हा सापडला, आणि २०१४ मध्ये तो आपल्या तानसा अभयारण्यात आढळला. हा पक्षी साग असलेल्या कोरड्या, विरळ वनात राहतो आणि झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. शहापूर तालुक्यातील अनेक मालकी राने तानसाला लागून आहेत. धनेशाची मादी तर ढोलीचे तोंड लिंपून स्वतःला आठवडेच्या आठवडे आत कोंडून घेते. तिला मोठ्या, जुन्या खोडातील ढोलच लागते, आणि तशी ढोल तयार व्हायला झाडाला अनेक दशके लागतात. ती एकदा तोडली की मालकाच्या पुढच्या पिढीलाही पुन्हा मिळत नाही. या पक्ष्यांबद्दल मालकाला कोणी पैसे देत नाही, हे येथे स्पष्ट म्हणावे लागेल. युरोपात प्रमाणित लाकडाला मागणी असल्याने हा खर्च काही अंशी बाजार उचलतो, आपल्या वखारीत तसे काही नाही. म्हणूनच हा खर्च १ ते ३ टक्क्यांत बसवणे इतके महत्त्वाचे आहे, कारण तेवढे सामान्य कुटुंबही आनंदाने सोसू शकते.

कोणते वठलेले झाड राखू नये, हेही तितकेच स्पष्ट हवे. पायवाट, घर, गोठा, शाळेची वाट, महावितरणच्या तारा यांच्या आसपास झाडाच्या उंचीइतक्या अंतरात असलेले वाळके झाड काढूनच टाकावे. तोडणाऱ्या मजुरांसाठी तर ही झाडे फार धोक्याची असतात, कारण शेजारचे झाड पडताना बसणाऱ्या हादऱ्याने त्यांच्या फांद्या निसटतात. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांत अशा धोकादायक झाडापासून दोन झाडांच्या उंचीइतके अंतर राखण्यास सांगितले आहे. आपल्या मजुरांचाही जीव तितकाच मोलाचा आहे, म्हणून राखायचे वाळके झाड निवडताना त्याच्याभोवती विक्रीचे साग कमी असतील असेच निवडावे.

खूण आणि करार

निवडलेल्या झाडाला छातीच्या उंचीवर पिवळ्या रंगाचे पूर्ण वळे काढावे आणि दुसरा पट्टा अगदी मुळाशी, जमिनीलगत मारावा. वरचे वळे ओंडक्याबरोबर वखारीत जाते, खालचा पट्टा खुंटावर राहतो, आणि झाड चुकून किंवा जाणूनबुजून तोडले गेले तर तोच पुरावा ठरतो. चुना वापरू नये, तो पहिल्याच पावसात धुतला जातो. वन विभागाच्या हातोड्याच्या छापाशी आपल्या खुणेची गल्लत होऊ नये म्हणून राखीव झाडांची क्रमांकवार यादी घेरासहित तयार करून तिची प्रत परवानगीच्या अर्जाबरोबर द्यावी. तोडीच्या यादीत ही झाडे येताच कामा नयेत.

त्यानंतरच ठेकेदारांना बोलवावे, आणि दोघा-तिघांना बोलवावे. रंगवलेली झाडे आधीच वगळलेली दिसली तर ठेकेदार त्यांची जी खरी, थोडी किंमत आहे तेवढीच आकड्यातून कमी करतो. सौदा ठरल्यावर तीच झाडे मागितली तर तो प्रत्येक झाड उत्तम सागाच्या भावाने कापून घेतो, आणि त्याच्या जागी कोणीही तेच करील. शक्य असेल तर उक्ता सौदा टाळून मापावर सौदा करावा, म्हणजे पोकळ झाडावर मालकाचे आणि ठेकेदाराचे दोघांचेही लक्ष राहत नाही.

करारपत्रात चार गोष्टी शब्दांत असाव्यात. राखीव झाडांची यादी कराराचा भाग आहे. राखीव झाड तोडले किंवा पाडताना मोडले तर त्याबद्दल ठरावीक रक्कम, आणि ती त्या झाडाच्या लाकडी किमतीवर अवलंबून नसावी, अन्यथा ढोलीच्या झाडाचा दंड सोळाशे रुपयेच राहील. मी स्वतः झाडामागे दहा हजारांच्या खाली येऊ नये असे सुचवीन. तिसरी गोष्ट, सागाचे खुंट जमिनीपासून वीतभराच्या आत, उताराला धरून गुळगुळीत कापले जातील, म्हणजे फुटवे जोमदार येतील. चौथी, शेवटचा हप्ता रानाची संयुक्त पाहणी झाल्यावरच स्वीकारला जाईल, आणि हा हप्ता एकूण रकमेच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी नसावा.

तोडीचे दिवस

तोड डिसेंबर ते फेब्रुवारीत उरकावी. त्या वेळी तोडलेल्या खुंटांना चांगले फुटवे येतात, आणि मार्चनंतर धनेशासारख्या पक्ष्यांची वीण सुरू होते. मालकाने किंवा घरातील जबाबदार माणसाने पहिले दोन दिवस रानात हजर राहावे, कारण मजुरांना यादी वाचून दाखवण्यापेक्षा प्रत्येक राखीव झाडाजवळ उभे राहून दाखवलेले अधिक पक्के लक्षात राहते. राखीव झाडाच्या दिशेने साग पडणार असेल तर दोर लावून तो वळवावा. यासाठी लागणाऱ्या जादा मजुरीचा प्रश्न ठेकेदार त्याच दिवशी काढतो, म्हणून तीही आधीच ठरवावी. पडलेले जुने, कुजके ओंडके जागचे हलवू नयेत, त्यांचे कोणी पैसे देत नाही.

वस्तीशी बोलणे

ही पायरी शहरात राहणारा मालक हमखास विसरतो. तोड संपली की शेजारच्या ठाकर, कातकरी, वारली वस्तीतील बाया मोळीसाठी रानात येणार, आणि उभे वाळके झाड हे त्यांच्या दृष्टीने सर्वांत चांगले जळण आहे. चूल पेटायला लाकूड लागते, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. तोडीतून निघणाऱ्या फांद्या आणि शेंडे जळाऊ म्हणून विकून मालकाला जे मिळते ते अगदी किरकोळ असते, तर ते वस्तीला मोकळे सोडावे, करारात ठेकेदाराला त्यावर हक्क देऊ नये, आणि त्या बदल्यात पिवळ्या वळ्याच्या झाडांना हात लावू नये असे वस्तीतील जाणत्या माणसांसमक्ष ठरवावे. तीन एकरांतील फांद्या दोन-तीन महिने अनेक चुलींना पुरतात. भाताच्या राबासाठी (रोपांची जमीन भाजण्यासाठी) ज्या ऐन-किंजळांच्या फांद्या परंपरेने छाटल्या जातात, ती झाडे राखीव यादीत घेतली तर वस्तीलाही ती यादी आपली वाटते. शिमग्याच्या आधी एक फेरी अवश्य मारावी, कारण होळीसाठी सावर तोडण्याची पद्धत अनेक गावांत आहे. आपली राखीव सावर कोणती, हे गावाला आधीच सांगितलेले असावे.

वणव्याचा प्रश्न रास्त आहे. फेब्रुवारी ते मे या काळात वाळलेला पालापाचोळाच आग पसरवतो, एकटे उभे वठलेले झाड ती फारशी पसरवत नाही. तरीही आग अशा झाडाच्या पोकळीत शिरली तर दिवसचे दिवस धुमसते. म्हणून प्रत्येक राखीव वाळक्या झाडाभोवती दीड-दोन मीटरचे वर्तुळ झाडून स्वच्छ ठेवावे, हद्दीवर जाळपट्टा (आग अडवणारा मोकळा पट्टा) काढावा, आणि पट्ट्याच्या कडेला पडीक ओंडके राहू देऊ नयेत. मेलेल्या लाकडातील किडे निरोगी सागावर चढतील ही भीतीही ऐकू येते. मेलेले लाकूड पोखरणारे बहुतेक किडे जिवंत, जोमदार झाडाला लागत नाहीत. मध्य भारतातील साल वृक्षाच्या वनात सालभुंग्याचा उपद्रव होतो तेव्हा ताजी पडलेली झाडे त्वरित काढावी लागतात, पण तो सालाचा भुंगा आहे आणि ठाण्याच्या रानात साल नाही.

पहिल्या पावसाळ्यानंतर

दसऱ्याच्या सुमारास वही घेऊन पुन्हा रानात जावे. प्रत्येक राखीव झाड उभे आहे का, मोडले असेल तर कोठून, खुंटांना किती फुटवे आले, फळणाऱ्या सागाखाली रोपे दिसतात का, हे जुन्या यादीसमोर लिहावे. परवानगीसोबत नव्या लागवडीची अट आलेली असते. ती लागवड राखीव झाडांच्या सावलीत न करता मोकळ्या जागी करावी, आणि रोपे शक्यतो ऐन, बेहडा, कळंब, उंबर अशा जातींची मिश्र घ्यावीत. प्रत्येक खुंटावरचे दोन-तीन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे दुसऱ्या वर्षी छाटावेत. वादळात पडलेले राखीव झाड उचलून विकण्याचा मोह होतो, परंतु ते आता पडीक ओंडका म्हणून रानाच्या कामाचे आहे. वाटेत आडवे आले नसेल तर तसेच राहू द्यावे आणि वहीत त्याच्या क्रमांकापुढे पडल्याची तारीख लिहावी.